निर्धोक डोळ्यांचा दाखला

रोगाला हरवायचे तर आधी रोगी सापडले पाहिजेत, हे सार्वजनिक आरोग्याचे मूळ तत्त्व आहे. इंदिरानगरातल्या एका सोसायटीत तिघांचे डोळे आले, तेव्हा सेक्रेटरी जयरामभाऊंनी ते तातडीने अमलात आणले. समिती नेमली, रजिस्टर आणले (लाल शाईचे, विषयाला धरून), आणि रोज सकाळी घरोघर तपासणी सुरू झाली. पद्धत शास्त्रीय होती. जयरामभाऊ अंगठ्याने खालची पापणी ओढत, आत डोकावत आणि पुढच्या घराची बेल वाजवत.

यश थक्क करणारे होते. सोमवारी तीन रुग्ण, गुरुवारी अकरा, पुढच्या सोमवारी सव्वीस. इतके रुग्ण शोधणे आजवर कुठल्याच सोसायटीला जमले नव्हते. समितीने उत्साहाने तपासणी दिवसातून दोनदा केली.

तिसऱ्या मजल्यावरच्या सुलाबाई (वय एक्याऐंशी) तेवढ्या दार उघडत नव्हत्या. रविवारी पिंपळगाव बसवंतला नातीचा, हर्षालीचा साखरपुडा होता. सुलाबाईंना तिच्याजवळ बसून तिला डोळे भरून पाहायचे होते. त्यांच्या लहानपणी कुणाचे डोळे आले की आई त्याचा पंचा वेगळा करायची, उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून डोळे पुसायची, कापूस चुलीत टाकायची आणि राखेने हात धुवायची. आठवड्याभरात डोळे बरे, बाकीचे घर जसेच्या तसे. (त्या काळी रजिस्टर नसल्याने समितीने हा पुरावा ग्राह्य धरला नाही.)

पण गेटबाहेर जायला समितीचा दाखला लागे. शुक्रवारी सुलाबाईंनी नाइलाजाने दार उघडले.

"जयराम, हात धुतलेस का रे बाबा?"

"काकू, सकाळपासून छप्पन्न डोळे बघितले. हात धुवायला वेळ कुणाला आहे?"

पापणी ओढली गेली. डोळा पांढराशुभ्र निघाला. दाखल्यावर शिक्का बसला: 'निर्धोक'.

रविवारी पिंपळगावात उतरल्या तेव्हा सुलाबाईंचे दोन्ही डोळे कुंकवासारखे लाल होते. त्या मांडवाबाहेरच थबकल्या आणि पुढे आलेल्या व्याह्यांना म्हणाल्या, "जवळ येऊ नका, डोळे आलेत माझे. मी लांबूनच बघते पोरीला."

व्याह्यांनी दाखला दोनदा वाचला. "आजी, कागदावर तर नाय आले," म्हणाले, आणि हाताला धरून त्यांना नवरा-नवरीच्या मधोमध बसवले.

दीडशे माणसे पाया पडली. प्रत्येकाच्या गालावरून हात फिरवताना सुलाबाईंचे डोळे वाहत होते, आणि त्या ते पुसत होत्या. सगळे म्हणाले, आजीला आनंद आवरेना.

तुम्ही हसताय ते ठीक. पण एवढे वाचेपर्यंत एकदा तरी डोळा चोळलात. दाखला असेल तर काळजी नको.