कानूबाईचं लाडकं दार

एका जंगलात, कुठल्या ते विचारू नका, हात बांधून नीट ऐका, टोकोजी नावाचा सुतारपक्षी राहत होता. सशांच्या बिळांना लाकडी दारं बसवून द्यायचा. ससा दार ढकलून आत, लांडगा बाहेर बोंबलत.

टोकोजीच्या घराण्याची एक रीत होती. दार बसवलं की महिन्याने जायचं, उंबऱ्यावर टेकायचं आणि विचारायचं, "काय, बरं चाललंय ना?"

टोकोजी नोकर दरबारचा. पण सिंहमहाराजांनी त्याच्या डोक्यावर परमुलखात शिकून आलेला एक मुंगूस नेमला. तो म्हणाला, "विचारायचं कशाला? गिऱ्हाईक तोंडदेखलं बोलतं. वापरतं किती ते मोजा, म्हणजे मनातलं कळतं."

झालं! दारोदारी एकेक मुंगी बसली. दार एकदा ढकललं की एक खडा टाकायचा.

महिन्याने खडे मोजले. बाकीच्या दारांना दिवसाला चार. कानूबाई सशिणीच्या दाराला चाळीस! मुंगूस नाचायचाच बाकी राहिला. "बघा, किती जीव आहे बाईचा या दारावर!"

टोकोजीला काही चैन पडेना. तो गुपचूप तिच्याकडे गेला. कानूबाई दाराला खांदा लावून उभी. आत पिल्लं रडतायत.

"अहो टोकोजीभाऊ, दार फुगलंय तुमचं! दहा धक्के दिल्याशिवाय उघडत नाही मेलं. लांडगा मागे लागला तर काय करू हो मी?"

टोकोजी शरमला. चोचीने कड तासून दिली. दार नुसत्या नाकाने उघडायला लागलं.

पुढच्या आठवड्यात खडे आले चारावर. दरबारात हलकल्लोळ!

"मन उडालं हो बाईचं!" मुंगूस ओरडला. "काय केलंत?"

"दुरुस्त केलं."

"कोणाला विचारून?"

"तिलाच."

"एका सशिणीचं म्हणणं म्हणजे काय आकडा झाला?"

महाराजांनी हुकूम सोडला. कानूबाईचं दार पुन्हा पूर्वीसारखं घट्ट करा, सगळ्यांचीच तशी करा. टोकोजीने चोच उघडली, दरबारच्या नोकरीची आठवण झाली, मिटली. भेकड कुठला!

आठव्या दिवशी भर दुपारी लांडगा आला. कानूबाई जीव घेऊन दाराशी पोचली. मुंगीने इमानेइतबारे खडे टाकले. सात पडले. आठवा पडला नाही.

टोकोजीने दार फोडून पिल्लं बाहेर काढली आणि त्यांना पंखाखाली घेऊन ढसाढसा रडला. नोकरी त्याने सोडली. पण त्याचा कुठे हिशेब होतो?

मुंगसाचा अहवाल मात्र वेळेवर आला. त्यात लिहिलं होतं: 'कानूबाईच्या दारावर गेले तीन आठवडे एकही खडा नाही. घट्ट दारामुळे बाई घरातच रमलेल्या दिसतात. तक्रार शून्य.'

महाराजांनी मुंगसाला शाल पांघरली.

तात्पर्य, मुलांनो, वहीत उतरवून घ्या: गिऱ्हाइकाला काय वाटतं हे गिऱ्हाइकाला कधीही विचारू नये. ते सांगून टाकतं.