मळ्याचे मालक विलायतेत असतात

सन दोन हजार चारच्या फेब्रुवारीत, सांता क्लारा येथील एका सॉफ्टवेअर कंपनीतले सीनियर इंजिनिअर शंतनू कारखानीस यांची कॅरिबियन समुद्रातल्या एका साखरमळ्याच्या व्यवस्थापकपदी नेमणूक झाली. मळा अठराशे साठ सालचा होता, इंग्रजांच्या ताब्यातल्या बेटावर होता आणि एका ऑनलाइन खेळात होता. नेमणूक मात्र खरी होती, कारण ती त्याच्या मॅनेजरने केली होती.

मॅनेजर म्हणजे संजीव. खेळात तो मळ्याचा मालक होता. खेळाचा नियम असा, की मालकाने लंडनला राहायचं. ऊस, डास आणि मजूर यांपैकी कुणाचंही तोंड पाहायचं नाही. ही भूमिका संजीवला फार जड गेली नव्हती. कंपनीतही त्याचं असणं म्हणजे खुर्चीच्या पाठीवर टांगलेलं एक जाकीट. ते हललं की लोक म्हणत, संजीव आलेला दिसतोय. बहुतेक वेळा एसी सुरू झालेला असे.

"यार, लंडनहून मळा मॅनेज होत नाही," संजीव लेक टाहोहून फोनवर म्हणाला. "तू कर. हार्वेस्ट चांगलं निघालं की तुझ्या ग्रीन कार्डच्या फाईलवर सही करतो. प्रॉमिस."

शंतनूला नाही म्हणायची सोय नव्हती. व्हिसाची वर्षं मिळतात सहा, आणि त्याचं पाचवं सरत आलं होतं. संजीवची सही होऊन फाईल आत्ता गेली नाही, तर पुढच्या वर्षी घर, गाडी आणि आश्लेषाने साऱ्या बे एरियातली दुकानं पालथी घालून निवडलेला सोफा इथेच ठेवून विमानात बसायचं.

त्याच संध्याकाळी त्याने मळा उघडला. निळा समुद्र, हिरवा ऊस आणि उसात वाकलेले ठिपके. ठिपके हे मजूर होते आणि ते हिंदुस्थानातून जहाजाने आणलेले होते. करार पाच वर्षांचा. मळा बदलायचा नाही, परवानगीशिवाय वेशीबाहेर पाऊल टाकायचं नाही आणि सुटका फक्त मालकाच्या सहीने.

"बायकांना काम करता येतं का त्यात?" आश्लेषाने पोळी लाटता लाटता विचारलं. ती एम.टेक. होती, पण नवऱ्याच्या आधाराने राहणारी बायको, असाच व्हिसा असल्यामुळे तिला या देशात काम करायला मनाई होती.

"येतं की. तोडणीला बायकाच जास्त आहेत."

"मग तिथे लावून टाक मला. कुठे तरी परमिट मिळू दे."

शंतनूने मळ्यात सुधारणा सुरू केल्या. त्याने मजुरांना ध्येयवाक्य दिलं : गोडवा, सचोटी, सांघिक भावना. शुक्रवारी आवडीचे कपडे घालून यायची मुभा दिली. प्रत्येकाकडे एकच कपडा असल्यामुळे हा उपक्रम पहिल्याच दिवशी शंभर टक्के यशस्वी झाला. कामाचं मूल्यमापन चारही बाजूंनी व्हावं म्हणून घाण्याला जुंपलेल्या खेचराचंही मत घेण्यात आलं. खेचराने मुकादमाविषयी फारसं बरं लिहिलं नाही.

या सगळ्यात तोडलेला ऊस बांधावर वाळत पडला.

"अरे, ऊस तोडला की लगेच गाळायचा असतो! साखरेचा उतारा पडतो नाही तर," आश्लेषा कळवळून म्हणाली. तिचं माहेर सांगलीकडचं, तिला वाळता ऊस बघवेना. "लोक कुठे गेले सगळे?"

"मीटिंगमध्ये."

"कसली मीटिंग?"

"ऊस का वाळतोय याची."

संजीवची ईमेल आली : उतारा पडतोय. मोटिव्हेट देम.

खेळात चाबकाचं बटण होतं. शंतनू सुसंस्कृत घरातला, त्याने ते दाबलं नाही. त्याने शेजारचं रमचं बटण दाबलं. मजुरांनी रम घेतली आणि आनंदाच्या भरात मालकाच्या बंगल्याचा व्हरांडा तोडला, त्याच्या व्यवस्थित मोळ्या बांधल्या आणि गाळायला नेल्या. व्हरांड्याचाही उतारा पडला.

अशा पडत्या काळात एक ठिपका ऊस सोडून बांधावर आला. त्याचं नाव विष्णू पटेल खान. खेळ बनवणाऱ्या अमेरिकन माणसाने हिंदुस्थानाचा एवढाच अभ्यास केला होता. ठिपक्याच्या डोक्यावर अक्षरं उमटली : साहेब, पाच वर्षं भरली. घरी कधी सोडता?

शंतनूने अर्ज तातडीने लंडनला पाठवला. लंडन तेव्हा गोल्फ खेळत होतं. विष्णू बांधावर तसाच उभा राहिला. शेवटी ओशाळून शंतनूने टाईप केलं : तुमची फाईल प्रोसेसमध्ये आहे.

आणि नवल घडलं. विष्णूच्या डोक्यावरची आशा मोजणारी पट्टी, जी इतके दिवस राखेच्या रंगाची होती, ती हिरवीगार झाली. तो उसात शिरला आणि दोघांचं काम एकटा करू लागला. त्याच्या तोंडून गाण्याचे सूर निघाल्याचंही चित्रात दिसू लागलं.

"काय गात असेल गं?"

आश्लेषाचं लाटणं क्षणभर थांबलं. मग विष्णूच्या बायकोच्या वतीने तीच गुणगुणली :

*उसाच्या पानाला गं, किती धारेचं हे पातं*
*साहेबाच्या सहीखाली, माझं माहेर राहातं*

मग शंतनूने फाईलचं तेच वाक्य सगळ्या मळ्याला पाठवलं.

मळा हिरव्या पट्ट्यांनी फुलून गेला. पुढे शंतनूला युक्तीचे बारकावे उमगत गेले. फाईल 'मिळाली' म्हटलं की एक मोळी वाढे. 'पुढे पाठवली' म्हटलं की दोन. आणि 'अंगठा पुसट असल्याने परत' म्हटलं की मजूर आनंदाने नाचत, कारण परत आली याचा अर्थ ती कुणीतरी उघडली होती! ज्यांची मुदत भरत आली होती, त्यांनी नवे करार करून घेतले. रांगेतली जागा कशाला घालवायची? सुटका एकाचीही झाली नाही आणि तक्रारही एकाची आली नाही. दिवसरात्र रसाच्या काहिली उकळत राहिल्या. असा हंगाम त्या बेटाने पाहिला नव्हता.

संजीवचा फोन आला. "यार, केलंस काय तू?"

आश्लेषा समोरून दोन्ही हातांनी 'नको, नको' करत होती. पण कौतुकाला भुकेलेला इंजिनिअर तो, राहवलं नाही त्याला. त्याने सगळं सांगितलं. वर स्लाइड्स पाठवल्या. शेवटच्या स्लाइडवर ठळक अक्षरांत सार होतं : सही कधीच करू नये, फाईल मात्र हलती ठेवावी.

सोमवारी संजीव जाकीट घालून, म्हणजे स्वतः, ऑफिसात आला. त्याने शंतनूच्या खांद्यावर हात ठेवला.

"शंतनू, तुझी फाईल प्रोसेसमध्ये आहे."

शंतनूला या वाक्याचं अक्षरन् अक्षर माहीत होतं. त्याचा परिणाम कुठे होतो, पट्टी कोणत्या रंगाची होते, मोळ्या किती वाढतात, सगळं. तरीही त्याच्या छातीत काहीतरी हिरवं सळसळलं. तो जागेवर गेला आणि स्वतःचे बग संपवून शेजारच्याचेही दुरुस्त करायला घेतले.

"केली का सही?" घरी आल्याबरोबर आश्लेषाने विचारलं.

"प्रोसेसमध्ये आहे."

तिने कमरेवर हात ठेवले. "अरे, हे वाक्य तू लिहिलंयस!"

"हो, पण संजीव वेगळ्या टोनमध्ये म्हणाला."

आश्लेषा खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळाने, मागे न वळता, हळूच म्हणाली, "पण म्हणजे... कुठवर आली असेल फाईल?"

तुम्ही हसताय. हसा. तुमचंही काहीतरी असेलच की कुणाच्या तरी टेबलावर : बदली, पेन्शन, फ्लॅटचा ताबा, लेकीचं स्थळ. ते आत्ता कुठवर आलं असेल, असा विचार हे वाचताना मनात चमकून गेला असेल, तर बरं झालं. उठा. ऊस वाळतोय.