भिंतीपलीकडचे भोपळे

बागकामातलं मला सगळं कळतं, असं मी आपणहून कधी म्हणत नाही. कुणी विचारलं तरच म्हणतो. त्या वर्षी मात्र कुणी विचारायच्या आतच मी परसात लाल भोपळ्याचं बी लावलं आणि घरात जाहीर केलं, "थंडी पडली की रोज संध्याकाळी घरच्या भोपळ्याचं सूप. नाही झालं तर नाव बदलीन!"

"नाव राहू दे," बायको म्हणाली. "आधी बनियन बदला. मातीने भरलाय."

वेल माझ्या शब्दाला जागला. पानं सुपाएवढी झाली. घरजावयासारखा खाऊनपिऊन तो ऐसपैस पसरला, मागच्या उंच भिंतीवर चढला आणि पलीकडे उतरला. पलीकडे काय करतो याची मी फिकीर केली नाही. रोज सकाळी पाणी, आठवड्याला खत, आणि आधाराला म्हणून माझ्या जुन्या पायजम्याची हिरवी नाडी. फुलंही यायची. पण चार महिन्यांत फळ एकही नाही. गणितात मिळायचा तोच भोपळा इथेही मिळाला.

थंडीच्या पहिल्या संध्याकाळी भिंतीपलीकडे नव्याने राहायला आलेली दंतवैद्यीण वाफाळतं पातेलं घेऊन आली.

"काका, आमच्या परसातल्या भोपळ्याचं सूप. मी काहीच केलं नाही हो. लाकडांच्या ढिगामागून वेल आपोआप आला. पाखराने बी टाकलं असणार. चार भोपळे काढले, तीन अजून लागलेत."

सूप फार सुरेख होतं. आल्याचा जरासा झणका, वर मिरपूड. दोन वाट्या झाल्यावर माझ्या पोटात दुखायला लागलं, पण ते सुपामुळे नव्हे. जिने तांब्याभर पाणी घातलं नाही तिला सात, आणि मला शून्य?

"हाताला गुण असतो एकेकाच्या," बायको वाटी चाटूनपुसून म्हणाली.

ते मला झोंबलं. सकाळी उठलो, कुदळ घेतली आणि वेलाचं मूळच उपटून काढलं.

"फुकट खाणाऱ्याला या घरात जागा नाही," मी ओरडलो.

"ऐकलं," स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "चहा हवाय की नको मग?"

दुसऱ्या दिवशी दंतवैद्यीण दारात उभी. चेहरा पार उतरलेला. "काका, माझ्या वेलाने एका रात्रीत मान टाकली हो. तुम्हाला यातलं कळतं म्हणतात. जरा बघता का?"

मी चष्मा लावून गेलो. पान उलटं करून पाहिलं, माती चिमटीत घेऊन हुंगली. "पाणी कमी पडलंय."

"पण मी तर कधीच घातलं नाही."

म्हटलं, मूळ शोधू. वेल धरून मी लाकडांच्या ढिगामागे गेलो, तिथून भिंतीला लागलो, शिडी लावून वर चढलो. वर, भिंतीच्या माथ्यावर, वेलाला हिरव्या नाडीची गाठ होती. पलीकडे माझं परस होतं. बायको तिथे कपडे वाळत घालत होती. तिने वर पाहिलं, नाडीकडे पाहिलं आणि तोंडात चिमटा धरून हसू दाबलं.

"काय झालंय काका?" खालून प्रश्न आला.

"मुळाशीच काहीतरी झालंय."

"काय?"

"मी."

शिडीवरूनच सगळं सांगून टाकलं. खाली उतरून तोंड दाखवण्यापेक्षा ते सोपं होतं. दंतवैद्यीण पोट धरून हसली. मग तिने ते तीन कोवळे भोपळे काढले आणि आमच्याच स्वयंपाकघरात घेऊन आली. बायकोने चिरले, तिने ढवळलं, मला लसूण सोलायला बसवलं. बाहेर गारठा, आत वाफेने काचा धुरकटलेल्या. इतकं छान सूप मी आजवर प्यालो नव्हतो.

"काका, राग नका मानू," पहिली वाटी माझ्या हातात देत ती म्हणाली, "पण आम्ही उपटायच्या आधी निदान एक्स-रे तरी काढतो."

मी सूप पीत राहिलो. दंतवैद्यिणीसमोर उगाच तोंड उघडू नये.