अठरा रकाने आणि एक सही

पदवीच्या तिसऱ्या वर्षाला स्पेशलायझेशन निवडायचं असतं आणि लोक ते भावनेच्या भरात निवडतात, हे तज्ज्ञाला अजिबात मान्य नव्हतं. 'तज्ज्ञ' हे कम्प्युटर सायन्सच्या वर्गानं त्याला ठेवलेलं नाव. कुणी न विचारता सल्ला देण्याचा त्याचा उत्साह पाहता, नाव अगदी मापात बसलं होतं.

"मी शास्त्रशुद्ध निवडणार!" त्यानं घरात जाहीर केलं आणि लॅपटॉपवर अठरा रकान्यांचा तक्ता मांडला. पगार, मागणी, स्पर्धा, परीक्षेची काठिण्यपातळी, इतकंच काय, वर्गापासून कॅन्टीनचं अंतरसुद्धा! सहा वर्षं सॉफ्टवेअर कंपनीत घासलेल्या ताईनं जेवता जेवता वाकून पाहिलं.

"कोणतंही घे रे. शेवटी दुसऱ्यांनी करून ठेवलेलंच निस्तरायचं असतं."

तज्ज्ञानं ताईच्या मताला मोठ्या मनानं त्यातला एक रकाना दिला आणि त्याचं वजन शून्य ठेवलं.

पर्याय चार होते: आर्टिफिशियल इंटेलिजन्स, सायबर सिक्युरिटी, ग्राफिक्स आणि कंपायलर. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम. तो घडवायला शिकवणारे सर इतके कडक, की गेल्या वर्षी त्यांच्या वर्गात दोनच विद्यार्थी होते, आणि त्यातला एक खोली चुकून आला होता.

तक्त्यानं निकाल दिला. कंपायलर! तज्ज्ञानं तातडीनं वजनं बदलली. पुन्हा कंपायलर! मग त्यानं शास्त्राला जरा समजावून सांगितलं, तेव्हा सातव्या खेपेला आर्टिफिशियल इंटेलिजन्स वर आलं. शास्त्र ते शास्त्रच!

फॉर्मची मुदत शुक्रवारी पाचपर्यंत. शुक्रवारी अकराच्या सुमारास तज्ज्ञ फॉर्म घेऊन ऑफिसकडे निघाला, तोच कंपायलरच्या सरांच्या खोलीतून दुर्बीण बाहेर पडली. दुर्बीण म्हणजे जाड भिंगांचा चष्मा लावणारी, दरवर्षी वर्गात पहिली येणारी मुलगी. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"सरांकडे गेली होतीस?"

"हो. मिळाली बाई सही एकदाची! आता चिंता मिटली."

ती भराभरा निघून गेली आणि तज्ज्ञ जागच्या जागी थिजला. फॉर्मच्या शेवटच्या दिवशी सरांची सही! दुर्बीण कंपायलर घेते, तेही गुपचूप? म्हणजे नक्कीच काहीतरी आतली बातमी! बिचारा तक्ता सहा वेळा बोंबलून सांगत होता, आणि आपण त्याचंच तोंड दाबलं!

त्यानं फॉर्मवर खाडाखोड करून कंपायलर लिहिलं आणि ही गोष्ट फक्त एका मित्राला सांगितली, तीही शपथ घालून. मित्र सज्जन होता. त्यानं ज्याला ज्याला सांगितलं, त्या प्रत्येकाला न चुकता शपथ घातली. दोन वाजेपर्यंत ऑफिसच्या खिडकीपासून निघालेली रांग जिना उतरून खाली गेली.

"एका परदेशी कंपनीला पन्नास जण हवेत म्हणे. दुप्पट पगार!" रांगेतला एकजण खुद्द तज्ज्ञाच्याच कानात कुजबुजला. "कुणाला बोलू नकोस!"

आता तर तज्ज्ञाची खात्रीच पटली.

कारकूनबाईंनी कंपायलरचा एकसष्टावा फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "काय रे झालंय आज सगळ्यांना? पाण्यात काही पडलंय का?"

पाच वाजून दहा मिनिटांनी दुर्बीण कॅन्टीनमध्ये निवांत चहा पीत बसली होती.

"मग काय! कंपायलरला आपण सगळे एकत्र!" तज्ज्ञ ऐटीत म्हणाला.

"कंपायलर? मी ग्राफिक्स घेतलंय."

"आणि सरांची ती सही?"

"अरे, गेल्या सत्राच्या प्रोजेक्टवर राहिली होती. चार वेळा हाकललं मला! पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकणार नाही मी!"

तज्ज्ञानं घड्याळाकडे पाहिलं. घड्याळानं काही मदत केली नाही.

सोमवारी कळलं, की विषय बदलायचा तर अर्जावर सरांचीच सही हवी. साठ जणांनी अर्ज लिहिले आणि एकमतानं तज्ज्ञाला पुढे ढकललं. "उद्योग तुझा, आधी तू आत जा! तुझी सही झाली की आमची."

सर वर्गात एकटेच होते. टेबलावर नवे कोरे मार्कर, आणि इकडूनतिकडून ओढून आणलेल्या खुर्च्या. या माणसाला आजवर कुणी हसताना पाहिलं नव्हतं. आज ते हसत होते, आणि सवय नसल्यामुळे ते जरा भीतिदायकच दिसत होतं.

"ये, ये! कारकूनबाई म्हणाल्या, तूच सगळ्यांना तयार केलंस." सरांनी एक खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "यंदा हा विषय बंदच करणार होते. मला पहिल्या वर्षाला टायपिंग शिकवायला धाडणार होते. बावीस वर्षं शिकवतोय मी हे. वाटायला लागलं होतं, की कुणालाच नकोय." त्यांचं लक्ष तज्ज्ञाच्या हाताकडे गेलं. "हातात काय आहे?"

तज्ज्ञानं अर्जाकडे पाहिलं. खुर्च्या मोजल्या. बरोबर एकसष्ट होत्या.

"काही नाही सर," तो अर्जाची घडी घालत म्हणाला. "खुर्च्या पुरतील का, तेवढंच विचारायला आलो होतो."

"वा! असा वर्गप्रतिनिधी हवा मला!"

बाहेर साठ जण अर्ज सरसावून उभेच होते.

"काय रे, झालं का काम?"

"झालं ना," तज्ज्ञ जमिनीकडे बघत म्हणाला. "उद्या आठचा तास आहे. वेळेवर या बाबांनो. उशिरा येणाऱ्यांची नावं मला सरांना लिहून द्यायची आहेत."