गफूरभाईंचा पहिला गळ

"मलाही गळाचा फार शौक आहे," असं गफूरभाई तांबोळी मुलीच्या मंगनीच्या दिवशी जेवताना भर दस्तरखानावर बोलून गेले, आणि त्याचा सगळ्यात मोठा धक्का त्यांचा त्यांनाच बसला.

गफूरभाईंचं लोणावळ्याच्या बाजारात पान-तंबाखूचं दुकान. मासा त्यांनी जन्मात पाहिला तो ताटातच. पण हसिनाच्या सासरची मंडळी पडली जंजिऱ्याजवळच्या मुरूडची. व्याही नूरमहंमद लाँच चालवणारे सारंग होते. त्यांचे भाऊबंद जेवताना कोणी केवढा घोळ मासा ओढला आणि कोणाचा रावस कसा निसटला, हेच सांगत बसले. घरचा यजमान असून गफूरभाईंकडे त्यात भर घालायला काही नव्हतं. तंबाखूच्या भावाविषयी त्यांनी एकदा बोलून पाहिलं, पण कोणी लक्ष दिलं नाही. मग तोंडातून हे निघून गेलं.

नूरमहंमद एकदम खूष झाले. "असं काय? मग ईद झाली की मुरूडला या. आपण दोघं खडकावर बसू आणि तिथंच निकाहाची तारीख ठरवू. फक्त सामान आपापलं आणायचं. दुसऱ्याच्या गळानं मासा धरायचा नाही, ही आमच्या घरची रीत."

पाहुणे गाडीत बसून गेले आणि गफूरभाईंच्या बायकोनं, बदरुन्निसानं, पदर खोचला.

"अहो, तुम्हाला गळाचा शौक कधीपासून?"

"आजपासून," गफूरभाई पडलेल्या आवाजात म्हणाले.

"व्याही म्हणतील, बापच खोटं बोलतो, तर मुलीविषयी सांगितलेलं तरी खरं कशावरून? माझ्या हसिनाचं ठरलेलं मोडलं, तर मी तुम्हाला त्या गळाला लावीन!"

ती खरंच लावील याविषयी गफूरभाईंना शंका नव्हती. ईद तर तोंडावर आली होती. म्हणून दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच ते सामानाच्या शोधाला लागले.

आता, समुद्रावर मासे धरायला काय लागतं हे लोणावळ्यात कोणाला विचारावं? समुद्र घाटाखाली, आणि घाटावरच्या माणसाची त्याच्याशी ओळख हवा खायला आलेल्या मुंबईकरांच्या तोंडून. पण माहिती नसलेल्या गोष्टीवर सल्ला द्यायला आमच्या मुलखातला माणूस कधी मागं सरलेला नाही. गफूरभाईंना तासाभरात दोन जाणकार मिळाले. एक हौशीराम लोखंडवाला आणि दुसरा इंदुरीचा मारुती. मारुती दुकानाचा जुना गिऱ्हाईक, बाजाराच्या दिवशी तंबाखूला यायचा. इंद्रायणीत गळ टाकून दोन-चार मासे त्यानं धरलेले होते, त्यामुळे दोघांत तोच पंडित.

"गफूरभाई, मासा त्यो मासाच," मारुती म्हणाला. "नदीचा बोटायेवढा, दर्याचा हातायेवढा. तवा सामान बी त्याच मापानं वाढवायचं. माझी काठी सा हाताची, तुमाला बारा हाताची लागंल. उद्या येळू आनतो."

त्यानं वेळू आणला तो एवढा लांब, की बोळाच्या वळणावर तो वळेना. शेवटी शेजारच्या रतनबाईंच्या माडीच्या खिडकीतून आत घेऊन पलीकडच्या खिडकीतून बाहेर काढावा लागला. रतनबाई तेव्हा चहा पीत होत्या. भिंतीतून निघाल्यासारखा बांबू डोळ्यांसमोरून सरकत गेला आणि त्यांच्या हातातली बशी खाली पडली.

दोरीसाठी गवंडी ओळंब्याला वापरतात ती मेणवलेली दोरी घेतली. दोरी गुंडाळायला चक्री हवी, ती मिळेना. तेव्हा गफूरभाईंनी माळ्यावरून आपली लहानपणची पतंगाची फिरकी काढली आणि ती वेळूच्या बुडाला तारेनं बांधली. ही युक्ती त्यांची स्वतःची. तिचा त्यांना इतका अभिमान वाटला, की दुकानावर येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ती फिरवून दाखवली.

गळाचं मात्र अडलं. हौशीरामनं आधी विहिरीत पडलेली घागर काढायचा भलामोठा आकडा पुढं ठेवला.

"अहो, याला बैल अडकेल!" गफूरभाई दचकून म्हणाले.

"समुद्रात काय काय असतं तुम्हाला माहीत आहे का?"

"नाही."

"मलाही नाही. म्हणून तर मोठा घ्या म्हणतो."

घासाघीस होऊन लोहाराकडून त्या आकड्याचं पोर करून घ्यायचं ठरलं. तीन नख्यांचा, वीतभर उंचीचा गळ तयार झाला. राहिलं वजन. लाटा असतात, तेव्हा वजन पाहिजेच, यावर दोन्ही पंडितांचं एकमत होतं. शिसं कुठं मिळेना. गफूरभाईंनी दुकानातल्या तागडीशेजारी मांडलेल्या वजनांच्या रांगेकडे पाहिलं आणि तिच्यातलं पावशेराचं पितळी वजन उचललं. वर बोंड असल्यामुळे दोरी बांधायला ते सोयीचं होतं. वजनं शेजारच्या दुकानात जाऊ नयेत म्हणून त्यांच्या बुडाला त्यांनी खिळ्यानं 'ग' कोरलेला होता. मारुतीनं मात्र ते बांधायला मुद्दाम कच्ची सुतळी घेतली.

"दगडात अडकलं तर वजनच तुटून जावं, गळ ऱ्हावा. नदीवर आमी असंच करतो," तो म्हणाला.

पहिला सराव घरामागच्या अंगणात झाला. गफूरभाईंनी वेळू डोक्यामागं नेला, 'बिस्मिल्ला' म्हटलं आणि पुढं झोकला. गळ भिंतीपलीकडे गेला. काहीतरी लागलं असं वाटून त्यांनी आनंदानं फिरकी गुंडाळायला सुरुवात केली, तर भिंतीवरून एक धोतर वर आलं आणि त्याच्या पाठोपाठ त्यावर वाळत घातलेले रतनबाईंचे उडदाचे पापड अंगणात बरसले. सकाळी बांबू आणि दुपारी हे. रतनबाई भिंतीवरून नुसत्या पाहत राहिल्या. रतनबाई गप्प आहेत हे पाहून सगळी आळी घाबरली.

"तो राक्षस घेऊन आधी घराबाहेर व्हा," बदरुन्निसा म्हणाली.

म्हणून मग गफूरभाई आणि मारुती रेल्वेच्या कुंपणालगतच्या गवताळ पट्टीत गेले. जागा छान होती. ना पापड, ना माणसं. रुळांकडे पाठ केली की समोर सगळं मोकळं. गळ फार पुढं जात नव्हता, पण जात होता. पावशेर कुठं पडतो ते पाहायला मारुती पुढं गवतात वाकून उभा होता. प्रत्येक झोकाला गफूरभाई वेळू आणखी मागं नेत होते, कारण जितकं मागं न्यावं तितकं पुढं जातं, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

घाटात विजेची इंजिनं आल्यापासून गाडी कधी येते ते कळेनासं झालं आहे. कोळशाचं इंजिन कसं धापा टाकत आधी वर्दी द्यायचं. मुंबईहून येणारी गाडी सिग्नलपाशी गुपचूप येऊन त्यांच्या पाठीमागं उभी राहिली, आणि त्याच वेळी गफूरभाईंनी आतापर्यंतचा सगळ्यात मोठा झोक घेतला. वेळू मागं गेला तो पुढं येईचना.

त्यांनी जोर लावला. सिग्नल पडला, गाडी हलली आणि फिरकी घर्रर्र करत अशी फिरू लागली, की लहानपणी भर संक्रांतीतही फिरली नसेल.

"मारुती! लागला रे! मोठा लागलाय!" गफूरभाई ओरडले. गवतात उभं राहून हे ओरडताना त्यांना त्यात काही चमत्कारिक वाटलं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

मारुतीनं वर पाहिलं आणि आ वासला. डब्याच्या खिडकीतून एक चांदीसारखा लांबलचक मासा उडी मारून बाहेर आला, कुंपणावरून गेला आणि धप्पकन गवतात पडला. वजनाची सुतळी कुठंतरी तुटली होती. गळाची एक नखी माशाच्या कल्ल्यात होती. खिडकीतून कोणाचे तरी दोन हात बाहेर आले आणि "चोर! चोर!" असा आवाज गाडीबरोबर लांब गेला.

दोघं माशाकडे पाहत राहिले. ती सुरमई होती, हातभराहून मोठी. अंगाला बर्फाचा चुरा तसाच होता.

"गफूरभाई," मारुती हळूच म्हणाला, "बर्फासकट गावला."

"गप बस! कोणाची आहे ही? चल, स्टेशनवर नेऊन देऊ."

गफूरभाई माणूस सरळ. ते सुरमई उपरण्यात गुंडाळून तडक निघाले. पण स्टेशनाच्या बाहेरच हमालांचा घोळका उभा होता आणि एकच बोलणं चाललं होतं. खिडकीतून आकड्यानं सामान ओढणारी टोळी लोणावळ्यात आली आहे, पोलीस आकडेवाल्याला शोधत आहेत. मारुतीनं आपल्या खांद्यावरच्या वेळूकडे पाहिलं. त्याच्या टोकाला तीन नख्यांचा आकडा लोंबकळत होता.

"मी इंदुरीला निगतो. म्हशीचं दूध काडायचंय," म्हणून मारुतीनं वेळू तिथंच गटारात टाकला आणि तो दिसेनासा झाला.

गफूरभाईंनी उपरण्याची गाठ घट्ट आवळली. आपण तुरुंगात आणि मुरूडला निरोप, की मुलीचा बाप गाडीत चोरी करताना सापडला! ते मागच्या गल्लीनं घरी आले, वाटेत तीनदा वळून पाहिलं आणि बदरुन्निसाच्या पुढं उपरणं सोडलं.

"या अल्ला! ही कुठून आणलीत?"

"गळाला लागली," ते म्हणाले. खोटं काहीच नव्हतं. "झाकून ठेव. हात लावू नकोस. मी पाणी पिऊन सगळं सांगतो."

ते ओसरीवर पाण्याचा तांब्या तोंडाला लावतात, तोच दारात टांगा थांबला आणि आतून नूरमहंमद सारंग उतरले. टोपी वाकडी, शेरवानीवर पाण्याचे डाग, हातात रिकामी टोपली.

"सलाम आलेकुम, व्याही! पुण्याला चाललो होतो, म्हटलं वाटेत उतरून भेटून जाऊ. पण काय हे तुमचं गाव!"

गफूरभाईंना ठसका लागला. टोपली पाहून त्यांना सगळं कळलं होतं.

"तुमच्यासाठी खास सुरमई आणली होती," नूरमहंमद खाली बसत म्हणाले. "मुंबईहून बर्फात घालून आणली. डब्यातले लोक वासानं कुरकुरले, म्हणून टोपली खिडकीशी ठेवून वरचं गोणपाट काढलं. तेवढ्यात खिडकीतून काहीतरी आलं, माझ्या मांडीवर आदळलं, आणि सुरमई गेली! डोळ्यांदेखत! अहो, समुद्रात माझ्या गळाचा मासा निसटलाय, पण बर्फातला मासा उडून गेलेला मी पहिल्यांदा पाहिला."

"लागलं का फार?" गफूरभाईंनी कळवळून विचारलं. हा प्रश्न अगदी मनापासूनचा होता.

"लागलं तर. फौजदार म्हणाले, सापडला की कळवू."

गफूरभाई सगळं कबूल करायचं ठरवून उठले, आणि त्याच क्षणी आतून खमंग वास आला. गफूरभाई मटकन खाली बसले. त्यांना विसर पडला होता, की दारात व्याही आलेले असताना आणि घरात मोठी सुरमई असताना कुठलीही बाई ती झाकून ठेवत नाही.

जेवायला बसले. बदरुन्निसानं ताट पुढं केलं. नूरमहंमदांनी तळलेल्या तुकडीकडे पाहिलं, मग गफूरभाईंकडे पाहिलं.

"सुरमई? लोणावळ्यात?"

गफूरभाई ताटातला भात चिवडू लागले. पण नवऱ्याची लाज झाकायची ही संधी बदरुन्निसा कशी सोडील? पडद्याआडून ती ठसक्यात म्हणाली, "त्यांनीच धरली. आजच. गळानं!"

नूरमहंमदांचा हात तोंडाशी थांबला. भिंतीपलीकडून रतनबाईंचं पापड निवडणं ऐकू येत होतं. गफूरभाईंना वाटलं, आता ताट उलटणार, टांगा बोलावणार आणि हसिना जन्मभर घरात राहणार. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"गळानं," नूरमहंमद स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी तुकडी खाल्ली. काटे नीट बाजूला ठेवले. "वैनी, आणखी एक वाढा. मसाला झकास जमलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याच्या गाडीला निघताना ते दुकानावर आले. रात्रभर गफूरभाईंना झोप नव्हती. कबुलीचे शब्द त्यांनी जुळवून ठेवले होते, पण व्याह्यांचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच. ते तागडीशेजारची वजनांची रांग पाहत होते. शेर, अर्धा शेर, मग एक रिकामी जागा, मग अदपाव.

नूरमहंमदांनी शेरवानीच्या खिशात हात घातला, पितळी पावशेर काढला, उलटा करून बुडाचा 'ग' एकदा पाहिला आणि तो त्या रिकाम्या जागी अलगद ठेवून दिला. बोंडाला तुटकी सुतळी तशीच होती.

गफूरभाईंनी घाईघाईनं ती सुतळी सोडायला घेतली.

"निकाहाची तारीख ईदनंतरच्या जुम्म्याला धरू," नूरमहंमद म्हणाले. "हसिनाला दुवा सांगा. आणि तुम्ही मुरूडला नक्की या. सामान घेऊनच या, रीत म्हणजे रीत." ते टांग्यात चढले आणि तिथून वाकून, अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "फक्त एक सांगून ठेवतो, व्याही. आमच्याकडे आगगाडी नाही. तिथं मासे पाण्यातूनच काढावे लागतात."