दत्ताकाकांची बाय

विठ्ठलवाडीच्या चाळीत आम्ही पाच जण एका खोलीत राहायचो. बाबा लग्नांत वाढपी. उरलेली जिलेबी घरी यायची; बाबांचा फोटो कधी आला नाही. बाबा गेले तेव्हा भिंतीवर लावायला रेशनकार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात फक्त मिशा कळतात.

शेजारचे दत्ताकाका त्याच लग्नांचं शूटिंग करायचे. आता त्यांच्याकडे उरलीय ते सगळं शूटिंग साठवलेली एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क. तिला ते 'बाय' म्हणतात आणि बाळंतिणीसारखी जपतात. ती चालू असताना खोलीत पाय आपटायचा नाही. शेजारणीने मिक्सर लावला की भिंतीवर थाप. "बाय कामात हाय, वाटण मागून कर."

कोणी लग्नाचं शूटिंग मागायला आलं की एकच उत्तर, "बाय निजलीय." चाळ त्यांना चिक्कू म्हणते.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, तीही कॉम्प्युटरची. म्हणून मी चिखलोलीला राहायला गेले तरी दर रविवारी मला बोलावणं. "बायला ताप आलाय, ये." जाऊन बघते तर चालू डिस्क गोधडीत गुंडाळलेली.

"काका, हिला वारा हवा. गोधडी काढा."

"डिग्री तुझी, बाय माझी."

तरी गोधडी निघाली. वायर खसकन ओढायची नाही, फिरत असताना हलवायची नाही, हे सगळं मीच शिकवलं आणि त्यांनी मलाच ऐकवून ऐकवून जीव नको केला.

गेल्या पावसाळ्यात बाय टकटक करू लागली. मी म्हटलं, कितीही जपा, ही आता जाणार. कॉपी करू.

"म्हातारीला एवढं पळवतेस? वाटेत मेली तर? माणसं जातील माझी."

मला वाटलं, गिऱ्हाइकांविषयी बोलतायत. शेवटी तोडगा निघाला: थोडं कॉपी, मग बायला विश्रांती. माझे चार रविवार गेले. पंख्यासमोर डिस्क, तिच्यासमोर मांडी घालून काका, आणि मी जांभया देत.

चौथ्या रविवारी शेवटचं फोल्डर आलं. नाव, 'मागची माणसं'. उघडलं. खुर्च्या उचलणारे, भांडी घासणाऱ्या बाया, ढोल खाली ठेवून चहा पिणारा एक जण. लग्न कुठेच नाही.

"गिऱ्हाईक बोलायचं, यांना काप," काका म्हणाले. "मी कापलं. फेकलं नाय."

"बघता कधी?"

"रविवारी. जेवताना. एकट्याला घास उतरत नाय."

मग बाबा आले. हातात वरणाची बादली, कॅमेऱ्याकडे बघून लाजलेले. मागून काकांचा आवाज, "वाढ रं, थांबू नको." बाबा हसले आणि पुढच्या पानाकडे वळले.

मी चित्र तिथंच थांबवलं. मग विचारलं, "इतकी वर्षं दाखवलं का नाही?"

"तुझी आई रडंल म्हणून," ते म्हणाले. "आन् सारखी चालवली तर बाय झिजंल."

संध्याकाळपर्यंत सगळं उतरलं. एक कॉपी काकांच्या फडताळात आहे, एक माझ्या कपाटात. भिंतीवर आता बादलीवाले बाबा आहेत. आणि रविवारी मी न बोलावता जाते, जेवायच्या वेळेला.