शेवटच्या नळाचा सुपडू

धोंडू बाबांचा जीव जात होता. मुलाने तोंडात घालायला गंगाजल आणलं, तर सुपडूने गडू मधेच हिसकावला. थोडं पाणी आपल्या छोट्या बाटलीत घेतलं, दवेचे दोन थेंब टाकले आणि बाटली उजेडाला धरली.

"पिवळं नही व्हयनं. हाई पाणी चालाव नही."

"अरे, बाबा जाई ऱ्हायना," मुलगा म्हणाला.

"जाऊ दे ना. पन कावीळ लईसन कसाले जावाले पाह्यजे?"

बाबांनी डोळे उघडले. "नळनं दे," म्हणाले. नळाचं प्यायले आणि आणखी आठ दिवस सगळ्यांना शिव्या देत जगले.

सुपडू आमच्या ग्रामपंचायतीचा पाणीवाला. टाकीत जंतू मारायची पांढरी पावडर टाकायची, वाल उघडायचा आणि गावातल्या शेवटच्या नळाचं पाणी तपासायचं. दवेच्या थेंबांनी पाणी पिवळं झालं म्हणजे पावडर शेवटपर्यंत पोहोचली. शेवटचा नळ माझा. नवरा गेला, मुलं सुरतला, घरात मी एकटी. त्यामुळे रोज सकाळी पहिलं तोंड बघायचं ते सुपडूचं. चहा दिला तर आधी विचारणार, पाणी किती उकळलं. त्याची बायको माहेरी गेली ती आलीच नाही. मी तिला दोष देत नाही.

सरपंचांच्या मुलीच्या हळदीच्या दिवशी माझ्या नळाचं पाणी पिवळं होईना. सुपडूने वाल बंद केला. मांडवात पाहुणे, चुलीवर रिकामी पातेली. सरपंचीण बाई माझ्या ओट्यावर आली, सुपडूची पाठ फिरलेली बघून बाटलीत चिमूटभर हळद टाकली आणि म्हणाली, "देख, व्हयनं पिवळं."

सुपडूने वास घेतला. "भाबी, हाई ते वरण शे."

सरपंच त्याला नोकरीवरून काढायला निघाले. सुपडू म्हणाला, "काढी टाका, पन वाल मी उघडाव नही," आणि चावी चड्डीच्या खिशात घालून गटारीत उतरला. दुपारपर्यंत फुटलेला पाइप सापडला. गटारीचं पाणी थेट आत जात होतं. सरपंचांनी गुपचूप टँकर मागवला. पंगतीत सुपडूला कोणी बोलावलं नाही. तो इतका घाण झाला होता की मीही बोलावलं नसतं.

यंदा पाइप पुढच्या नव्या घरांपर्यंत गेला. शेवटचा नळ आता तिकडे. मी म्हटलं, सुटले. सकाळी सवयीने दोन कप चहा टाकला आणि स्वतःलाच शिवी दिली.

तेवढ्यात कडी वाजली. सुपडू.

"मन्हा नळ आते आखरीना नही," मी म्हटलं.

"माहीत शे. तठलं तपासी उनू."

"मंग आठे कसाले उना?"

तो बाटलीचं झाकण फिरवत राहिला. "दार देखाले."

"दारले काय व्हयनं?"

"उघडस का नही, ते."

"मी काय मरनू नही आजून."

"तेच तपासाले येस, आक्का."

मी त्याला चांगलं झापलं. मग चहा दिला. पाणी किती उकळलं म्हणून त्याने विचारलंच.

तेव्हापासून मी झोपताना आतली कडी लावत नाही. उद्या त्याने दार तोडलं, तर सुतार कोण बोलावणार?